दुसरा ताप

(उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी रक्त तपासणारा माणूस. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई टोचायची, नळी भरायची, काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि आकडा लिहायचा. पंचवीस वर्षं हेच केलं. त्यामुळे मला भाषण येत नाही, रिपोर्ट वाचता येतो. आज असाच एक रिपोर्ट तुमच्यापुढे वाचणार आहे. त्यावर लिहिलं होतं : कोरोना निगेटिव. आणि ज्या पोराचा तो रिपोर्ट, तो दुसऱ्या दिवशी मरायला टेकला होता.

पण त्याच्या आधी थोडं मागे जाऊ.

२०२० सालच्या ११ मार्चला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. अमेरिकेहून आलेला. म्हणजे रोग विमानाने आला. रस्ते मात्र बंद झाले ते एप्रिलमध्ये सतरंजीपुऱ्याचे नि मोमिनपुऱ्याचे. घरंच्या घरं बसमध्ये भरून आमदार निवासात नि आणखी कुठे कुठे नेली. ज्यांनी आमदार निवासाचं फाटक जन्मात ओलांडलं नसतं त्यांना सरकारने फुकटात तिथे मुक्कामाला ठेवलं! त्या बसमध्ये पोरंही होती. आणि मोठी माणसं तेव्हा एकमेकांना एकच धीर देत होती, "पोट्ट्याईले नाही होत बापा कोरोना. मोठ्याईलेच होते."

हे खोटं होतं का? नाही. मी इथे उगाच आग लावायला उभा नाही. विषाणूला पेशीत शिरायला एक दार लागतं, एसीई-टू त्याचं नाव. लहान पोरांच्या नाकात ही दारं मोठ्यांपेक्षा कमी असतात. शिवाय पोरांच्या नाकातले पहारेकरी जागे असतात, विषाणू दिसला की लगेच बोंब मारतात. मोठ्यांच्या शरीरात ही बोंब उशिरा उठते, मग उशिरा धावून आलेली फौज चोराच्या मागे लागून घरच जाळून टाकते. म्हणून आजी गेली नि नातू अंगणात खेळत राहिला. हे आपण सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण 'होत नाही' ही एक गोष्ट, आणि 'झालेलं कळत नाही' ही दुसरी.

२०२१ च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने देशभर लोकांचं रक्त तपासलं. त्यात सहा वर्षांपासूनची पोरं घेतली होती. सहा ते नऊ वयाच्या पोरांपैकी ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या पोरांपैकी ६१.६ टक्के पोरांच्या रक्तात कोरोनाच्या खुणा निघाल्या. तोवर पोरांना लसही नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना तो होऊन गेला होता. आणि शाळा तर मार्च २०२० पासून कुलूपबंद! मग पोरांना तो भेटला कुठे? घरात भेटला. बाप ऑटो चालवतो, माय चार घरची धुणीभांडी करते, खोली दहा बाय बारा, माणसं सहा. टीव्हीवरची बाई सांगते, घरात एकाला झाला तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, संडास वेगळा ठेवा. अहो बाई, आमच्या गल्लीतला संडासच गल्लीचा आहे.

आणि तपासणी कोण करणार होतं? घरात एकजण पॉझिटिव निघाला की बाकीचे नाक दाबून गप. पॉझिटिव म्हणजे दाराला कागद चिकटला, रोजी बुडाली. त्यात पोराला साधा एक रात्र अंग कोमट. कोण नेतो? मीही नेला नसता.

आता तो पोरगा.

आमच्याच गल्लीतला. नाव घेत नाही. वय नऊ, वजन बावीस किलो. बाप ऑटोवाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा मेडिकल आणि मेयोत खाट मिळवायला लोक पाय धरत होते, तेव्हा बापाला कोरोना झाला. घरीच पडून निघाला, वाचला. पोराला एक रात्र कणकण, दुसऱ्या दिवशी पतंग. पाच आठवडे गेले. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि पोराला ताप भरला. एकशे तीन. पोट दुखते म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडला. वांत्या, जुलाब. गल्लीतल्या डॉक्टरने टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. तीन दिवस गेले, ताप हलला नाही. एका खाजगी दवाखान्यात नेला, तिथे अपेंडिक्सचा संशय घेतला. नाव मी सांगत नाही, दवाखाने सगळे सारखेच वागत होते. नाकातून नमुना घेतला. निगेटिव आला. "कोरोना नाही, घरी न्या."

माझ्याकडे त्याची माय आली ती रिपोर्टचा कागद नाचवत. "भाऊ, निगेटिव हाय न जी? मंग पोट्टा काहून असा करून राहिला?"

मी बघायला गेलो. डोळे लालभडक, पण चिपाडं नाहीत. ओठ फाटलेले. पोटावर पुरळ. हातपाय मात्र गार. अंग तापलेलं आणि पाय गार, हे मला आवडलं नाही. त्याच ऑटोत घालून सरकारी वॉर्डात नेला. तिथे एक शिकाऊ डॉक्टरीण होती, चोवीस तास झोपली नसावी. तिने पोराच्या आधी बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत घरात कोणाला कोरोना झाला होता का?"

एवढाच प्रश्न. तीन दिवसांत तीन माणसांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, फी घेतली, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तर हा दुसरा ताप. डॉक्टर त्याला एमआयएस-सी म्हणतात. कोरोना येऊन जातो, नाकात काही उरत नाही, म्हणून नाकाची तपासणी बहुतेक वेळा निगेटिव येते. पण दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची फौज, शत्रू निघून गेल्यावर, आपल्याच घरावर चालून जाते. हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, कातडी, डोळे, सगळीकडे सूज. जपानमधल्या कावासाकी नावाच्या डॉक्टरने १९६७ साली पोरांचा असाच एक आजार लिहून ठेवला होता, त्याच्याशी ह्याचं बरंच नातं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी हा नवा प्रकार ओळखला, १५ मेला जागतिक आरोग्य संघटनेने त्याची लक्षणं जाहीर केली. म्हणजे आमच्या पोराला ताप भरला तेव्हा ह्या ज्ञानाला वर्ष झालं होतं. आमच्या गल्लीपर्यंत यायला त्याला बस मिळाली नव्हती.

माझ्या हातात त्याचं रक्त आलं. नाकात कोरोना नाही, पण रक्तात अँटिबॉडी भरपूर. सीआरपी, म्हणजे सुजेचा आकडा, चढलेला. प्लेटलेट उतरलेल्या. हृदयाचा एको केला तर पंप अर्धवट दाबत होता. त्याच रात्री उपचार सुरू झाला. इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध, हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं. मात्रा किती? वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम. बावीस किलोचं पोर म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅम, पाच ग्रॅमची बाटली धरली तर नऊ बाटल्या, आणि एकेका बाटलीला हजारो रुपये. त्याच्यासोबत स्टिरॉइड दिलं, ते स्वस्त. नंतर त्याच वर्षी ३२ देशांतल्या ६१४ पोरांचा अभ्यास छापून आला. त्यात नुसत्या स्टिरॉइडने सुरुवात केलेली पोरं महागड्या बाटलीने सुरुवात केलेल्या पोरांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो. उद्या कुणी म्हणालं की बाटलीला पैसे नसतील तर काही करता येत नाही, तर तोंडावर विचारा.

पोरगा वाचला. अकरा दिवसांनी घरी आला.

हा ताप सगळ्या पोरांना येत नव्हता, हेही ऐका, नाहीतर घरी जाऊन पोरांचे डोळे तपासत बसाल. अमेरिकेत २०२० च्या एप्रिल ते जूनचा हिशेब मांडला, तेव्हा एकवीस वर्षांखालच्या दहा लाख लागणींमागे ३१६ जणांना तो झालेला निघाला. तीन हजारांत एक. ओमायक्रॉन आल्यानंतर तर तो फारच कमी झाला. पण त्या अमेरिकेच्या यादीत पोरं कुणाची होती? गोऱ्यांपेक्षा काळ्यांच्या नि लॅटिनोंच्या पोरांमध्ये प्रमाण जास्त. बस चालवणारा, मांस कापण्याच्या कारखान्यातला, दवाखान्याची फरशी पुसणारी, ह्यांची पोरं. घरी बसून काम करायची सोय नसलेली घरं. तिकडे निदान चामडीच्या रंगाप्रमाणे मोजलं तरी. आपल्याकडे कोरोनाचे जातवार आकडे निघालेच नाहीत. मोजलंच नाही, म्हणजे भेद नाही. सोपं गणित!

'बरा झाला' हा शब्द मला आता खुपतो. दवाखान्याच्या कागदावर लिहितात, बरा होऊन घरी पाठवले. घरी म्हणजे कुठे? महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांपैकी ६८.९ टक्के पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के पोरं वयाच्या मानाने खुजी. ही कोरोनाच्या आधीची शिल्लक. अशा अंगावर हृदयाची सूज येऊन गेली तर भरून निघायला काय लागेल? अंडी, डाळ, झोप, आणि वेळेवर पुन्हा एको. ह्या आजारातून उठलेल्या बहुतेक पोरांचं हृदय काही आठवड्यांत, काही महिन्यांत पूर्ववत होतं, हे खरं आहे. पण ते झालं की नाही हे पाहावं लागतं. तोवर पोराने धावायचं नाही, खेळाचा ताण घ्यायचा नाही. काही आठवडे ॲस्पिरिनची बारकी गोळी घ्यायची.

आमच्या पोराचं काय झालं? गोळी पंधरा दिवसांत बंद. माय म्हणाली, "पोट्टा खेळते न आता." दुसऱ्या एकोची तारीख आली त्या दिवशी बापाला भाडं मिळालं, ऑटोचा हप्ता थकलेला. तारीख गेली. तिसरीही गेली. शेवटी मी माझी सुटी टाकून नेला, सात महिन्यांनी. एको चांगला निघाला. चांगला निघाला म्हणून मी आज हे हसत सांगतो. नसता निघाला तर?

आणि डोकं? तो चौथीत होता. शहरातली प्राथमिक शाळा मार्च २०२० ला बंद झाली, २०२१ चा डिसेंबर आला तरी धड उघडली नव्हती. घरात मोबाईल एक, तो बापासोबत ऑटोत. शाळेत शिजणारी खिचडी बंद, कधीतरी कोरडा तांदूळ नि डाळ हातात. पोरांनाही कोरोनानंतर थकवा, डोकेदुखी, लक्ष न लागणं असं काही महिने चालतं. मोठ्यांपेक्षा कमी, पण चालतं. शाळा उघडली तेव्हा तो वर्गात झोपायचा. आजार कोणता, दोन वर्षांची पडलेली दरी कोणती, हे वेगळं काढायचं कुणी? मास्तरने सरळ लिहिलं : अभ्यासात लक्ष नाही.

आता माझी चूक सांगतो. सगळं दुसऱ्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही.

माझी एक भाची आहे. सिकलसेलची. एसएस, म्हणजे दोन्हीकडून आलेला. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या नात्यात कुणी ना कुणी असेल, मान हलवू नका, मला ठाऊक आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी ह्या डॉक्टरांनी लान्सेट मासिकात लिहिलं की मध्य भारतात हा दोष आहे. आपल्यात आहे, आदिवासींत आहे, आणखीही काही जातींत आहे. तांबड्या पेशीतल्या एका साखळीत एक कडी चुकीची बसते. ऑक्सिजन कमी झाला, ताप आला, पाणी कमी पडलं, थंडी वाजली की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते नि बारक्या वाहिनीत अडकते. मग हाडं अशी दुखतात की पोर स्वतःला चावून घेते. आणि कोरोना नेमका फुप्फुसावर जाणारा, ऑक्सिजन उतरवणारा, रक्त घट्ट करणारा. म्हणजे बाकीच्या पोरांना सर्दी, तर ह्या पोरांच्या दारात लांडगा.

जानेवारी २०२२. ओमायक्रॉनची लाट. पंधरा ते अठरा वर्षांच्या पोरांना ३ जानेवारीला लस सुरू झाली. भाची तेरा वर्षांची, तिचा नंबर नाही. बारा ते चौदाची लस आली १६ मार्चला. मधल्या अडीच महिन्यांतच तिला गाठलं. बहिणीचा फोन आला, "दादा, पोरीले ताप हाय, एकशे दोन. काय करू?" आणि मी, पंचवीस वर्षं रक्त पाहणारा, मी म्हणालो, "ओमायक्रॉन सौम्य हाय न, घाबरू नको. पॅरासिटामॉल दे, पाणी पाज."

सगळे तेच म्हणत होते. पेपर म्हणत होते, टीव्ही म्हणत होता. मीही तेच म्हणालो. 'पोरांना सौम्य' हे वाक्य माझ्याही तोंडात बसलं होतं. सिकलसेलच्या पोराला १०१ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, त्यात उद्या नाही, हे मला पाठ होतं. ह्या पोरांची पाणथरी लहानपणीच निकामी होते, साधा जंतूही त्यांना गिळतो, हे मी दुसऱ्यांना शेकडो वेळा सांगितलं होतं. भाचीला नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. ऑक्सिजन ८८. फोटोत फुप्फुसात पांढरा डाग. तिला दोन बाटल्या रक्त लागलं, आणि कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढीत खडखडाट. दहा नंबर पुलियावरच्या पोरांनी जाऊन रक्त दिलं. त्यातली दोघं इथे बसली आहेत. ती वाचली. पण त्यानंतर तिचं दुखणं वाढलं, खुब्याचं हाड झिजायला लागलं. ते त्या तापाने की तसंही होणारच होतं, हे कुणी सांगू शकत नाही. बहीण मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवेल, आपल्या चळवळीने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी १९७१ पासून एक काम केलं होतं. बंदुकीचे फोटो आपण भिंतीवर लावले, हे काम विसरलो. त्यांनी काळ्यांच्या वस्त्यांत दारोदार जाऊन फुकट सिकलसेलची तपासणी केली. सरकारला ह्या रोगाचं काही पडलेलं नाही, कारण तो काळ्यांचा रोग, असं ते उघड म्हणाले. बोटातून थेंब, कागदावर नाव. तोच वाकडा दाणा तिकडच्या हार्लेममध्ये नि इकडच्या इंदोऱ्यात. नागपुरात संपत रामटेके ह्यांनी स्वतःच्या घरातलं दुःख घेऊन आयुष्यभर हेच केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती मरणोत्तर. १ जुलै २०२३ ला दिल्लीवाल्यांनीही सिकलसेल निर्मूलनाचं मिशन काढलं, सात कोटी लोक तपासायचे आणि २०४७ पर्यंत रोग संपवायचा. चांगलं आहे. आपण २०४७ पर्यंत थांबायचं की काय?

आणि आपल्याच लोकांना एक सांगतो. पोरीला सिकलसेल आहे हे लपवू नका. लग्न जमणार नाही म्हणून कार्ड ट्रंकेत ठेवता, ताप आला की डॉक्टरला सांगत नाही, आणि पोर खाटेवर तडफडते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक पोर आजारी निघण्याचा धोका आहे, ह्याचा बाईच्या कुंडलीशी, नशिबाशी काही संबंध नाही. सोयरिक जुळवताना पोरा-पोरीचं रक्त पाहा. कुंडली आपण सोडली, जागा रिकामी आहे.

तर मी दोन कामं घेऊन आलो आहे. पहिलं : ह्या वस्तीत २०२० ते २०२२ मध्ये ज्या पोरांना तापाने दवाखान्यात ठेवलं होतं, त्यांची वही करायची. नाव, वय, कागद, एको पुन्हा झाला की नाही. ती पोरं आता मिशा फुटायच्या वयात आली, कुणी पोलीसभरतीसाठी धावायला लागेल. धावण्याआधी एकदा हृदय पाहून घ्यायचं. घरोघर जाताना तो एकच प्रश्न विचारायचा, "ताप यायच्या महिना-दीड महिना आधी घरात कोण आजारी होतं?" विचारायला पदवी लागत नाही.

दुसरं : येत्या रविवारी सकाळी आठपासून विहाराच्या ओट्यावर मी बसतो. बोटातून एक थेंब घेईन, नळीतल्या पाण्यात टाकीन. पाणी गढूळ झालं नि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर आत सिकलचा दोष आहे. तो नुसता वाहक की आजारी हे त्या नळीत कळत नाही, त्यासाठी रक्त पुढे मोठ्या तपासणीला पाठवावं लागेल, ते मी पाठवीन. सहा महिन्यांच्या आतलं बाळ आणू नका, त्याला ही नळी खोटं बोलते. त्यांचं वेगळं बघू. बाकी सगळे या. उपाशी यायची गरज नाही, पोरांना खाऊ घालून आणा.